मूठभर कोंड्याला घेतलेला भाऊ

माझा भाऊ कोंडू याला मी विकत घेतला होता. हे मी थट्टेनं सांगत नाही. तो जन्मल्याच्या बाराव्या दिवशी, आमच्या कोरीट गावच्या घरात, धान्याच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून मी मूठभर ज्वारीचा कोंडा मोजला आणि सुपात निजवलेलं ते लालबुंद पोर माझ्या मांडीवर घेतलं. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांची होते. आज कोंडू सत्तरीच्या घरात आहे, त्याचे गुडघे माझ्याहून जास्त कुरकुरतात, पण दर राखीला फोनवर विचारतो, "काय वं यमू, कोंडा महाग जाया, आते माले इकशी का?" आम्ही दोघं हसतो. या हसण्याच्या खाली जे आहे ते त्याला ठाऊक नाही. मी कधी सांगितलं नाही, आणि जिनं सांगायला हवं होतं तिनं तर जन्मभर तोंड शिवून घेतलं. आता अक्षर वाकडं येतं, तरी लिहून टाकते.

माझ्या मागे-पुढे मिळून आईला चार मुलं झाली आणि चारही गेली. एक सटीच्या, म्हणजे सहाव्या दिवसाच्या, आत, एक दात येताना, दोन तापात. जगले ती मी एकटी, आणि तीही मुलगी. सहाव्या खेपेला मुलगा झाला तेव्हा घरात पेढे नाहीत की गूळ नाही, सगळे दबकून वागत होते, मोठ्यानं बोललं तर कुणीतरी ऐकेल अशी भीती. आमच्या घराची सूत्रं माझ्या फुईच्या हाती होती. फुई म्हणजे वडिलांची थोरली बहीण, लग्नानंतर दोन वर्षांतच पांढऱ्या कपाळानं माहेरी आलेली, अंगानं काटकुळी पण आवाज असा की वेशीबाहेरची गाय घराकडे वळावी. तिनं ठरवलं, पोर विकायचं. ज्यांची मुलं जगत नाहीत त्यांनी ती दुसऱ्या बाईला विकायची, म्हणजे मरण आईच्या दारी शोधत येतं आणि रिकाम्या हातानं परत जातं, अशी रीत. बहुतेक घरी शेजारीण घेते. फुईनं डोकं लढवलं. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "हिले मरीमाय सोडी गयी. हिन्हं म्हनीसन सांगं ते त्याले बी सोडी दी."

मग तो सोहळा झाला. फुईनं सूप पुढे ठेवून आईला विचारलं, "कोनं पोर?" आई म्हणाली, "मन्हं नही." "मंग कोनं?" "जी ली तिन्हं." मी कोंडा टाकला, पोर उचललं, आणि त्याचं नाव कोंडू पडलं. पाचव्या वर्षी जावळ निघेपर्यंत तो माझा. तोवर आईनं त्याला 'माझा' म्हणायचं नाही, कुशीत घेऊन झोपायचं नाही. दूध तेवढं पाजायचं, आणि पाजून झालं की परत करायचं. आणि घेणारीनं घेतलेल्या जिनसेजवळच झोपायचं असतं, म्हणून माझी वाकळ फुईच्या खाटेजवळून उचलून धान्याच्या खोलीत गेली.

ती खोली अजून माझ्या नाकात आहे. एका भिंतीला बाजरीच्या आणि ज्वारीच्या मातीच्या कोठ्या, दुसऱ्या भिंतीला आईची बाज, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, तिच्यावर शेपा आणि ओव्याची धुरी. वर झरोका एक, तोही मांजराला जाता येईल एवढाच. बाळंतिणीसाठी उकळलेलं तूप-गूळ, अंगाला चोळलेलं तेल, दुधानं आंबलेली धडपी आणि कोठीतल्या जुन्या ज्वारीचा वास, हे सगळं एकत्र. कोठ्यांच्या बाजूला जमिनीवर मी आणि कोंडू. समोर चार हातांवर आई. तो रडला की आई पलीकडून म्हणायची, "तुन्हं पोर रडी ऱ्हायनं वं." मी उठून त्याला तिच्याकडे न्यायची. तो पिऊन तृप्त झाला की ती त्याला लगेच पुढे करायची, "ले, तुन्हं पोर." एक क्षणही जास्त नाही. मग आमच्याकडे पाठ करून झोपायची. तो माझ्या बाजूला रडायला लागला की तिच्या चोळीवर दुधाचे ओले डाग पडायचे, मी डोळ्यांनी पाहिलंय, पण ती स्वतःहून हात पुढे करायची नाही. मला वाटायचं, आई माझ्यावर रागावलीय, मी तिचं पोर पळवलं म्हणून. पुढे मला स्वतःला मुलं झाली तेव्हा कळलं की ती पाठ कशासाठी होती. तोंड आमच्याकडे असतं तर तिच्यानं राहवलं नसतं.

पहिले आठ दिवस मला मोठी मजा वाटली. बाहुली मिळाल्यासारखं मी त्याला मैत्रिणींना दाखवायची, "मन्हा शे, मी इकत लिन्हा शे." मग मजा संपली. मूल म्हणजे काय हे मला त्या खोलीत कळलं. त्याचं मुतणं, ओकणं, ऊं ऊं करत अंग पिळणं, मी डोळा मिटला की नेमकं जागं होणं. माझी शाळा सुटली. मारुतीच्या देवळामागे एका शिक्षकाची शाळा होती, मी तिसरीत होते आणि खोटं कशाला सांगू, हुशार होते. पावकी, निमकी, दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे मला घडघडा यायचे आणि अडीचकी, म्हणजे अडीचचा पाढा, तर वर्गात माझ्याशिवाय कुणाला शेवटपर्यंत येत नव्हती. मास्तर एकदा दारी आले तेव्हा फुईनं त्यांना उभ्या उभ्याच वाटेला लावलं, "पोर शिकी ते पोरले कोन धरी, मास्तर?" मी कोंडूला मांडीवर हलवत अडीचकी म्हणायची. दुसरी अंगाई मला येतच नव्हती.

कापूस फुटला तशी आई वेचणीला जायला लागली. आता तो तीन-साडेतीन महिन्यांचा होता. दुपारी ती पाजायला घरी यायची, परत जायची. मधल्या वेळेसाठी कोनाड्यात एक पितळी डबी होती, सुपारीएवढी. तिच्यात अफू. आजच्या वाचकानं दचकू नये, तेव्हा घरोघरी ती असायची. वावरात जाणाऱ्या बायांची मुलं दिवसभर झोळीत गप्प कशी राहत असतील असं वाटतं? सकाळी राईच्या दाण्याएवढी गोळी करायची, आईच्या दुधात उगाळायची आणि बोटानं चाटवायची. ते काम फुईचं. तिच्याशिवाय त्या डबीला कुणी हात लावायचा नाही. फुईचा हात मोजका होता, हे मात्र तिच्या बाजूनं सांगायलाच हवं.

ज्या दिवसाचं सांगायचं आहे त्याच्या आदल्या संध्याकाळी मास्तरांनी एका पोराकडून निरोप पाठवला की उद्या डिप्टीसाहेब शाळा तपासायला येणार, यमूला तासभर पाठवा, अडीचकी म्हणायला तिच्याशिवाय कोणी नाही. फुई नको म्हणाली. आबा, म्हणजे माझे वडील, गुरांना वैरण टाकायला उठले. आई भाकरी थापत होती, तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि भाकर तव्यावर टाकली. मी रात्रभर तोंडातल्या तोंडात आकडे म्हटले.

दुसऱ्या दिवशी आमच्या ओट्यावर पिंजारी बसलेला. नंदुरबारचे रहीमचाचा, दर हिवाळ्यात गावात यायचे, घरोघरच्या गाद्या उसवून कापूस पिंजून द्यायचे. त्यांची धनुकली म्हणजे माणसाहून लांब लाकडी धनुष्य. छपराला टांगायचं, तातीवर, म्हणजे त्याच्या ताणलेल्या दोरीवर, लाकडी मोगरी मारायची आणि तुंई-तुंई-धप्प असा आवाज सगळ्या आळीला घुमायचा. कोंडूसाठी छोटी गादी करायची होती. उसवलेले अभ्रे घेऊन फुई नदीवर गेली. जाताना मला म्हणाली, "निजेल शे, झोळीजोगे बठ." आबा आणि आई वावरात.

आणि कोंडू जागा झाला. रडायला लागला. मी झोका दिला, आकडे म्हटले, कडेवर घेतला, काही चालेना. शाळेकडून पोरांचा गलका ऐकू येत होता, म्हणजे साहेब आले. इथे मला नीट लिहायला हवं. पुढे कितीदा तरी मी स्वतःला सांगितलं की मला ठाऊक नव्हतं, मी अजाण होते, फुईनं दिली की नाही हे मला कसं कळणार. सगळं खोटं. त्याच्या ओठांना तो कडू वास येत होता. कोनाड्यातली डबी नेहमीच्या जागेवरून जराशी सरकलेली होती. फुई सकाळी देऊन गेलीय हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी मी कोठीवर चढून डबी काढली. दूध नव्हतं, पाण्यात उगाळली. राईएवढी की तुरीएवढी, हात घाईत होता. तासभरच तर झोपू दे, एवढंच माझ्या मनात. त्यानं बोट चोखलं आणि थोड्या वेळानं तो गप्प झाला. मी दिवाळीचा हिरवा परकर नेसले, केसांवर पाणी फिरवलं आणि निघाले. रहीमचाचांनी मोगरी थांबवून विचारलं, "कहां चली बेटी, नये कपडे में?" मी म्हटलं, "आठेच. आते येस."

शाळेत काय झालं ते दोन ओळींत सांगण्यासारखं आहे. डिप्टीसाहेब खुर्चीत बसले, पाणी प्याले, पुढच्या रांगेतल्या चार मुलांना धडा वाचायला लावला, हजेरीच्या वहीवर सही केली आणि बैलगाडीत बसून गेले. मुलींच्या रांगेकडे त्यांची मानसुद्धा वळली नाही. मास्तर मला म्हणाले, "पुढच्या वेळी हं, यमू." मी रडकुंडीला येऊन घरी आले.

ओट्यावर धनुकली चालू होती. खोलीत शिरले तर झोळी स्थिर. आत वाकून पाहिलं. कोंडूचे ओठ जांभळे पडले होते. श्वास घेत होता, पण एक घेतला की दुसरा येतच नव्हता, मी वाट बघत राहायची आणि मग कुठूनतरी लांबून यायचा. मी त्याला हलवलं, मान कलली. मी ओरडले ती कशी ओरडले देव जाणे, रहीमचाचा मोगरी टाकून उठले. बाळंतिणीच्या खोलीचा उंबरा परक्या पुरुषानं ओलांडायचा नाही, ते दारातच उभे राहून म्हणाले, "बाहर ला. उजाले में ला." त्यांनी पापणी वर केली. काळ्या बुबुळाचा टिपका राईएवढा उरला होता. चाचांचा चेहरा उतरला. "अफीम चढ गई," ते म्हणाले, आणि मग हळूच, "मेरा भी एक ऐसेच गया."

त्यांनी पोरांना आईकडे आणि फुईकडे पिटाळलं. शेजारणीनं रिठ्याचं पाणी केलं, हिंग उगाळला, ते थेंब थेंब त्याच्या तोंडात. तळव्यांवर टिचक्या, तोंडावर गार पाणी. "सोने नहीं देना," चाचा सांगत होते, "सो गया तो गया." पण पोर जागं कसं ठेवायचं? टिचकीला तर ते हलेना. तेव्हा त्यांनी धनुकली छपरावरून सोडली, आमच्याजवळ आणून खाली बसले आणि कोंडूच्या कानाशी तातीवर मोगरी मारली. तुंई! पोराचं अंग शहारलं, डोळा किलकिला झाला. मिटला. पुन्हा तुंई. पुन्हा उघडला.

फुई ओले अभ्रे घेऊन धावत आली, मागून आबा, आणि त्यांच्या मागे आई, ओटीतला कापूस तसाच बांधलेला. आई अंगणात थांबली. तिनं कोंडूकडे पाहिलं. हात पुढे आले आणि मधेच थांबले, तेवढ्यातही तिला ती रीत आठवली असणार, आता जर आपण 'माझा' म्हटलं तर मरणाला दार सापडेल. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. डोक्यापासून पायापर्यंत. माझ्या ओल्या केसांकडे, हिरव्या परकराकडे. त्या गोंधळात माझ्या अंगावर काय आहे हे बघायची कुणाला शुद्ध होती? तिला होती. जवळ येऊन अगदी हळू म्हणाली, "पहिले परकर बदली ये."

मी बदलून आले तेव्हा आबा गरजत होते, "कोनी दिन्ही?" जन्मात पहिल्यांदा फुईचा आवाज बारीक झाला होता. "मी दिन्ही, रोज देस तेवढीच. राईना दाना एवढी. मन्हा हात कव्हय चुकना का?" "मंग दुसरी कोनी दिन्ही?" आबांनी विचारलं. रहीमचाचांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा तातीकडे. मी परकराची नाडी चाचपत राहिले. आणि आई म्हणाली, "मी दिन्ही. वावरमा जावाना पहिले. तुम्ही मांगथून देशात, माले काय ठाऊक."

आबांनी तिला मारलं नाही. "माय शे का वैरीन?" एवढंच बोलले आणि तोंड फिरवलं. आईनं पदर खोचला, कोंडूला पाजायला घेतलं, तो ओढेना. तिनं त्याला माझ्या मांडीवर ठेवलं. "तुन्हं पोर शे," ती म्हणाली, "तू हाक मार त्याले. मी मारी ते चालाव नही." मी हाका मारत राहिले. कोंडू, ए कोंडू, ऊठ भाऊ. माझा घसा बसला. चाचा मारत राहिले. ऊन ओट्यावरून खाली उतरलं, भिंतीवर गेलं. तातीखाली येणारा तोच ढीग त्यांनी किती वेळा पिंजला असेल, कापसाचा शेवटी नुसता धूर झाला, आमच्या केसांवर, पापण्यांवर बसला. त्यांच्या तळव्याचं कातडं सोललं, मोगरीला रक्त लागलं, पण फडकं गुंडाळायलाही ते थांबले नाहीत. दिवेलागणीला कोंडू ओकला, आणि मग असा टाहो फोडून रडला की गोठ्यातली वासरं उठली. फुई जमिनीवर बसून हमसाहमशी रडली. चाचांनी धनुकली भिंतीला टेकवली आणि म्हणाले, "रो बेटा, रो. खूब रो." आईनं त्याला पाजलं, तो प्याला, आणि पिऊन झाल्यावर ती म्हणाली, "ले, तुन्हं पोर."

डबी आबांनी नदीत फेकली. पण गावाच्या तोंडाला कोण झाकणार? 'पोऱ्याले आफू देनारी' हे नाव आईला चिकटलं ते चिकटलं. आबा महिनाभर तिच्याशी बोलले नाहीत. फुई तर भांडणात हटकून ते काढायची. एका लग्नात मी वाढत होते आणि पंगतीत एक बाई दुसरीला सांगत होती, "हाईच ती माय." आई समोरच होती, तिनं पोळी मोडली आणि खाली बघून खाल्ली. मी वरणाचं भांडं घेऊन पुढच्या पानाकडे गेले. मला बोलता आलं असतं. दहा वर्षांची होते तेव्हा नाही, मग बाराची झाले, चौदाची झाले, तेव्हाही नाही. जसजसे दिवस जातात तसं खरं बोलणं जड होत जातं. त्या खोलीत मी अजून झोपत होते. कोंडू माझ्या कुशीत, आई पलीकडे पाठ करून, आणि आम्हा दोघींच्या मध्ये ती न बोललेली गोष्ट.

पाचव्या वर्षी जावळ निघालं. माझं लग्न ठरलं होतं, शहाद्याकडे ब्राह्मणपुरीला, वैशाखात जायचं होतं. तासलेल्या डोक्याचा कोंडू अंगणात चौरंगावर, सगळं गाव जेवायला. फुईनं मला विचारलं, "कोनं पोर?" "मन्हं." "दी का?" "देस." आईनं मूठभर ज्वारी माझ्या पदरात टाकली. फुई तिच्याकडे वळली, "आते कोनं पोर?" आईच्या तोंडून शब्द निघेना. फुईनं दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं. मग आई म्हणाली, "मन्हा. मन्हा पोऱ्या," आणि त्याला असं धरलं की त्याचा जीव गुदमरला, तो लाथा झाडायला लागला. बाया हसल्या. हसता हसता डोळे पुसायला लागल्या.

पंगती चालू होत्या तेव्हा मी धान्याच्या खोलीत गेले. माझी वाकळ आता तिथून हलायची होती. ती गुंडाळत होते तेवढ्यात आई आत आली. तिनं दार लोटलं. कोठीला टेकून उभी राहिली.

"यमू, एक इचारू का वं?"

पाच वर्षं मी या प्रश्नाची वाट बघत होते. मी म्हटलं, "इचार."

"त्या दिनले शाळामा गयथी तू," आई म्हणाली, "अडीचकी बठ्ठी उनी का तुले?"

अडीचकी सगळी म्हणता आली का. पाच वर्षं जी लोकांचं ऐकून घेत होती, तिला एवढंच विचारायचं होतं. तिच्या तोंडावर राग नव्हता, शपथेवर सांगते, नव्हता. ती खरोखर उत्तराची वाट बघत होती. साहेबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, मला कुणी उभंच केलं नाही, हे सांगितलं असतं तर तिनं जे सोसलं ते कशासाठी होतं?

"हा, माय," मी म्हटलं. "बठ्ठी उनी."

"साहेब काय म्हने?"

"शाबास म्हने."

आईनं मान हलवली. पदरानं तोंड पुसलं, आणि बाजेच्या कडेवर बसली. "मंग म्हन बरं एकदाव. मी कधी आयकीच नही."

तिनं ती हजारदा ऐकली होती. याच खोलीत, पाठ करून पडलेली असताना, कोंडूला झोपवताना मी रोज तीच म्हणायची. ते तिला आठवत होतं, मलाही. पण मी वाकळ खाली ठेवली. पदरातली ज्वारी मुठीत घट्ट धरली, अगदी डिप्टीसाहेब समोर बसलेत अशी ताठ उभी राहिले आणि सुरुवात केली. एक अडीच अडीच, बे अडीच पाच, तीन अडीच साडेसात. बाहेर पानं वाढल्याचा आवाज येत होता, कोंडू कुठंतरी ओरडत होता. आई माझ्याकडे तोंड करून बसली होती आणि माझ्या ओठांकडे बघत होती. मी शंभरापर्यंत गेले. कुठेही अडखळले नाही.